अर्धवेळ शिपायाचा करार

पलटणीत एकही पोरगा नाही असे गाव आपल्या कोरडवाहू मुलखात शोधावे लागेल. फौजेचे नाव निघाले की लोक सातारा-सांगलीकडे बोट दाखवतात. पण बुलढाणा, वाशीम, जालना, बीडच्या पोरांनीही भरतीच्या मैदानाबाहेर रात्री काढल्या आहेत, आणि त्यांतली बहुतेक कापूस-ज्वारीवाल्यांचीच आहेत. त्यांना देशप्रेम कोणी शिकवायला नको. पण पाच एकर कोरडवाहूत दोन भावांचे भागत नाही, तेव्हा एकाने फौजेत जायचे, हा घरातला हिशेबही तितकाच खरा. पावसाच्या खंडाने न जळणारे घरातले एकच पीक म्हणजे फौजीची मनिऑर्डर, असे आमचे म्हातारे म्हणत. आता मनिऑर्डर गेली, पैसे खात्यात जमा होतात. हिशेब मात्र तोच राहिला होता.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि तो हिशेब मोडला. साडेसतरा ते एकवीस वर्षांचा पोरगा चार वर्षांसाठी घ्यायचा, चार वर्षांनी शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस जणांना पुढे ठेवायचे, बाकीच्यांनी घरी यायचे. जाताना सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळतात. त्यातले ५ लाख २ हजार त्याच्याच पगारातून कापलेले असतात, तेवढेच सरकार घालते, वरचे व्याज. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, कॅन्टीन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. ही सारी रक्कम सात टक्क्यांनी बँकेत ठेवली तर महिन्याला सात हजारसुद्धा पडत नाहीत. विहीर, मोटार, पाइपलाइन करायची तर मुद्दलच संपते, आणि पाणी लागेल याची हमी कोणी देत नाही. निमलष्करी दलांत या पोरांसाठी जागा राखून ठेवण्याची घोषणा २०२२ सालीच झाली. तिथे ज्याचा नंबर लागेल त्याचे भले होवो. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. उरलेला पोरगा पंचविशीच्या आत बांधावर परत येणार, हे धरूनच चालले पाहिजे.

अशा पोराला आणि पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून आलेल्या जुन्या फौजीलाही एक सल्ला हमखास मिळतो. प्रादेशिक सेनेत जा, शेतीही सांभाळ आणि वर्दीही सांभाळ. ऐकायला गोड आहे. म्हणूनच त्याचा करार काय ते नीट वाचले पाहिजे.

अर्धवेळ शिपाईगिरी आपल्याला नवी नाही. मराठेशाहीत दसऱ्याला शिलंगण करून फौजा मुलुखगिरीला निघत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परतत. पुष्कळ घरांत तलवार धरणारा हात पावसाळ्यात तिफण धरीत असे. म्हणजे लढाईचे वेळापत्रक पेरणीच्या वेळापत्रकाला धरून होते, पेरणी लढाईसाठी थांबत नव्हती. स्वातंत्र्यानंतरही फौजेत रिझर्व्हची पद्धत होती. कित्येक जवानांचा करार सात वर्षे प्रत्यक्ष नोकरी आणि पुढे आठ वर्षे राखीव असा असे. माणूस घरी शेती करी, बोलावणे आले की हजर होई. दोन्ही मिळून पंधरा वर्षे भरली की त्याला रिझर्व्हिस्टची पेन्शन होती. ती मिळवायला अनेकांना कोर्टकचेरी करावी लागली हे खरे, पण कागदावर हक्क लिहिलेला होता म्हणून कोर्टात उभे तरी राहता आले.

प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. आपल्याकडे पुणे, कोल्हापूर, देवळाली, नागपूर येथे तिच्या पलटणी आहेत. अट अशी की माणसाचा पोटापाण्याचा धंदा दुसरा असावा. पायदळाच्या पलटणीत वर्षाला साधारण दोन महिने प्रशिक्षण, तेवढ्या दिवसांचा पगार, आणि बोलावणे आले की कायम फौजीसारखीच नोकरी, तसाच पगार. १९६५, १९७१ च्या लढाया आणि कारगिल, सगळीकडे ही माणसे होती. मे २०२५ मध्ये सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेना बोलावण्याचा अधिकार दिला, त्यात ३२ पैकी १४ पायदळ पलटणींचा उल्लेख होता. मे म्हणजे आमच्याकडे वखरणी उरकण्याचा आणि बियाण्याच्या रांगेत उभे राहण्याचा महिना.

शिपायाला पेन्शनसाठी बोलावणीवरची नोकरी एकूण पंधरा वर्षे भरावी लागते. प्रशिक्षणाचे दिवस त्यात मोजले असे गृहीत धरले, तरी वर्षाला दोन महिन्यांनी पंधरा वर्षे भरायला नव्वद वर्षे लागतील. वर्षानुवर्षे बोलावणीवर राहिलेल्यांची पेन्शन होते. पण मग तो अर्धवेळ शिपाई राहिला कुठे? आणि त्याचे शेत कोणी पाहिले?

इथे आमचे खरे भांडण आहे. या कायद्यात ७-अ नावाचे कलम आहे. प्रादेशिक सेनेतला माणूस लष्करी सेवेसाठी बोलावला गेला, तर त्याच्या मालकाने त्याला रजा द्यायची आणि परत आल्यावर पूर्वीपेक्षा वाईट नसलेल्या अटींवर कामावर घ्यायचे, असे त्यात आहे. कलम चांगले आहे, आम्ही त्याचे स्वागत करतो. पण ते नोकरदाराला डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे. कारखान्यातल्या माणसाची खुर्ची कायदा सांभाळतो. आमचा मालक म्हणजे मृग आणि आर्द्रा. त्यांना कोणते कलम लावणार? जूनच्या शेवटी पेरणीला दोन दिवस वापसा मिळतो, तो गेला तर वर्ष गेले. पुढे डवरणी, निंदण, फवारणी. दिवाळीपासून वेचणी, मधेच रब्बी ज्वारीची पेरणी, माघ-फाल्गुनात सोंगणी. अमेरिकेत राखीव शिपाई महिन्यातून एक शनिवार-रविवार कवायत करतो आणि वर्षातून दोन आठवड्यांचे शिबिर करतो. पगारदाराला ते जमते. कपाशीला रविवार नसतो.

शेतकरी शिपाई गेला की शेत थांबत नाही, ते त्याच्या बायकोच्या आणि म्हाताऱ्या बापाच्या अंगावर पडते. सातबारा त्याच्या नावावर, म्हणून पीककर्जाच्या नूतनीकरणाला सही त्याची लागते. कर्ज मुदतीत फेडले तरच व्याजाची सवलत. माणूस सरहद्दीवर असला म्हणून मुदत थांबत नाही. ज्या बाईने तीन महिने एकटीने पऱ्हाटी वाचवली, तिला बँकेत शिपायाची घरधनीण म्हणून खुर्ची मिळेल, कर्ज मिळणार नाही. फौजेत जाणाऱ्या प्रत्येक भावाने जाण्याआधी निदान मुखत्यारपत्र तरी करून ठेवावे, आणि जमेल त्याने जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर करावा. यासाठी दिल्लीला विचारायची गरज नाही.

सरकारला जागेप्रमाणे अटी घालता येत नाहीत असेही नाही. मसुरीच्या उघड्या पडलेल्या डोंगरांवर झाडे लावायला १९८२ साली प्रादेशिक सेनेची पर्यावरण पलटण उभी राहिली, तिथल्याच माजी सैनिकांना घेऊन. २०१७ साली तशीच एक पलटण मराठवाड्यासाठी औरंगाबादेत आली. झाडासाठी वेगळी पलटण होऊ शकते, तर शिबिराची तारीख शेतीच्या वेळेशी जुळवणे जड जाऊ नये.

अर्धवेळ सैन्याला आमचा विरोध नाही. कायम फौज खर्चिक असते आणि तो खर्च शेवटी आपल्याच खिशातून जातो, हे आम्ही जाणतो. पण स्वस्त राखीव फौज हवी आणि राखीव शिपायाला पोसायचे काम तोट्यातल्या शेतीने फुकट करायचे, हा सौदा आम्हाला मान्य नाही. बोलावणीविना घरी असतानाही जो माणूस बारा महिने तयार राहतो, त्या तयारीचा मोबदला ठरला पाहिजे. शिबिर ज्वारीची सोंगणी झाल्यावर आणि मृगाच्या आत व्हावे. बोलावणीच्या काळात आणि पुढचा एक हंगाम पीककर्जाची मुदत व व्याज थांबावे, व्याजसवलत शाबूत राहावी. चार वर्षे केलेल्या पोराला प्रादेशिक सेनेत घेतले, तर ती चार वर्षे पेन्शनच्या हिशेबात धरावीत.

जिल्हा बैठकीत याचा ठराव मांडायचा आहे. तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी येताना आपल्या गावातले अग्निवीर, प्रादेशिक सेनेतले जवान आणि जुने रिझर्व्हिस्ट यांची यादी आणावी. कोणाची पेन्शन कोणत्या कागदासाठी अडली आहे तेही लिहून आणावे. शक्य असेल तर त्या घरच्या बायांनाही बैठकीला घेऊन यावे.