डोळस भूतदया

'प्राण्यांसाठी थोडी देणगी द्यायची आहे, कोठे द्यावी?' असा प्रश्न कधी कधी दवाखान्यातही विचारला जातो. हा प्रश्न आरोग्याचाच आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत कुत्रा चावलेले रुग्ण आम्हा डॉक्टरांना नवे नाहीत. जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवा, लसीचे सर्व डोस घ्या, हे आम्ही सांगतोच. कारण रेबीजची लक्षणे दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही.

प्राणिसेवेच्या संस्था मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार गोशाळा व पांजरपोळांचा. १८३२ साली कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचे सत्र आरंभले, तेव्हा मुंबईत दंगल झाली. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळ ही संस्था उभी राहिली. अशा ठिकाणी खर्च रोजच्या चाऱ्याचा असतो. म्हणून वाढदिवसाला एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी द्यावी. उरलेला भात व पोळ्या मात्र गायींपुढे ओतू नयेत. त्याने त्यांचे पोट बिघडते, प्रसंगी जनावर दगावते.

दुसरा प्रकार क्रूरता रोखणाऱ्या व जखमी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या संस्थांचा. मुंबईची एसपीसीए १८७४ ची. परळचे जनावरांचे रुग्णालय तिचेच. ठाण्यातही एसपीसीए आहे, डोंबिवलीत 'पॉज' आहे. यांना पैशाबरोबर औषधे, जुन्या चादरी आणि सुट्टीच्या दिवशी दोन हात हवे असतात.

तिसरे काम भटक्या कुत्र्यांची नसबंदी व रेबीजची लस. माझ्या मते पहिला रुपया येथे द्यावा. जखमी पिल्लू पाहून हात खिशाकडे जातो. पण न जन्मलेले पिल्लू आणि न झालेला चावा कोणाला दिसत नाही. प्रतिबंधाच्या कामाचे नेहमी असेच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शंभरातील सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते. गोव्याने याच मार्गाने काम केले आणि २०२१ मध्ये ते राज्य 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाले.

देणगीपूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता आहे का? महिन्याला किती शस्त्रक्रिया होतात? नंतर कुत्रे किती दिवस ठेवतात? जागा पाहायला मिळेल का? पावती तर घ्यावीच. खरे काम करणारा या प्रश्नांनी रागावत नाही.

पैसे नसले तरी मदत करता येते. रोज बिस्किटे घालणाऱ्यांनी ती ठरलेल्या जागीच घालावीत. तसे सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ रोजी सांगितले आहे. कुत्रे अनोळखी माणसाच्या हाती लागत नाही, तुमच्याजवळ येते. म्हणून पथक येईल त्या दिवशी तुम्ही हजर राहा. नुसते खाऊ घालणे ही अर्धीच सेवा होय.

या रविवारी आपल्या गल्लीतील कुत्री मोजा व त्यांचे कान पाहा. कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली आहे. लस मात्र दरवर्षी लागते. खाच नसलेल्यांचा आकडा लिहून महापालिकेला व एखाद्या संस्थेला कळवा. हे दान बिनपैशाचे आहे.