ज्याचं हसू येतं, त्याची प्रॅक्टिस

सोमवारी सकाळी अकराला क्लायंटसमोर मोठं प्रेझेंटेशन. त्याआधीचा शनिवार-रविवार तुमची टीम काय करते? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच… स्लाइड्स! फाँट बदलतो, लोगो डावीकडून उजवीकडे सरकतो, 'फायनल', 'फायनल फायनल' आणि 'फायनल नवीन' अशा तीन फाइल्स जन्माला येतात. रात्री पिझ्झा येतो. मग 'उद्या फोडून टाकू यार' म्हणत जो तो आपापल्या घरी. पहिल्याचं बोलणं संपल्यावर दुसऱ्याने कुठून उचलायचं, अडचणीचा प्रश्न आला तर तोंड कोणी उघडायचं, प्रोजेक्टर रुसला तर कोणी उठायचं, यावर चकार शब्द नाही. 'एकदा उभं राहून करून बघू या का?' असं कोणी म्हणालंच तर सगळे त्याच्याकडे बघून हसतात. ए, गॅदरिंग आहे का आपलं?

तर मंडळी, आज या हसण्याबद्दलच बोलू या.

१४ सप्टेंबर २००७, डर्बन. पहिल्यावहिल्या ट्वेंटी-ट्वेंटी वर्ल्ड कपमधली भारत-पाकिस्तान मॅच. सचिन, द्रविड, गांगुली टीममध्ये नाहीत. धोनी कॅप्टन म्हणून नवाकोरा. क्रिकेट मॅनेजर आपला मुंबईचा लालचंद राजपूत. भारताच्या १४१, पाकिस्तानच्याही १४१. टाय! तेव्हा सुपर ओव्हर नव्हती, होता 'बोल-आउट' नावाचा अजब प्रकार. फुटबॉलच्या पेनल्टी शूटआउटचा चुलतभाऊच म्हणा ना. समोर बॅट्समन नाही, नुसत्या तीन दांड्या. दोन्हीकडच्या पाच-पाच जणांनी एकेक बॉल टाकायचा, जास्त वेळा दांड्या उडवेल तो जिंकला.

आता सांगा, एवढ्या मोठ्या स्पर्धेत या पोरखेळाची प्रॅक्टिस कोण करत बसेल? मॅच टाय होणार कधी आणि हे टाकायची वेळ येणार कधी! पण भारताच्या टीमने ती केली होती. सरावाच्या वेळी, हसतखेळत, आपसात पैजा लावल्यासारखी. बोलिंग कोच वेंकटेश प्रसाद मात्र बघत होता, कोणाचे बॉल खरोखर दांड्यांवर जातायत. आणि त्यातून जी नावं पुढे आली ती कागदावर कोणी लिहिलीच नसती. सेहवाग, हरभजन आणि… रॉबिन उथप्पा! ज्याला बोलिंग करताना टीव्हीवर कोणी धड पाहिलंही नव्हतं, तो.

पुढची गंमत आणखी भारी. धोनी नेहमीसारखा स्टंपच्या बाजूला उभा राहिला नाही. तो थेट दांड्यांच्या मागे गुडघे टेकून बसला. म्हणजे बोलरला फार विचार करायचाच नाही, धोनीकडे बॉल टाकायचा, मध्ये दांड्या आहेतच. पलीकडे कामरान अकमल विकेटकीपरने जिथे उभं राहायचं तिथेच उभा होता. सेहवागने दांडी उडवली. यासिर अराफतचा बॉल बाहेर. हरभजनने उडवली. उमर गुल चुकला. उथप्पाने उडवली आणि टोपी काढून प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला. आफ्रिदी चुकला. ३-०, खेळ खलास.

यात उमर गुलचं नाव नीट लक्षात ठेवा. त्या अख्ख्या स्पर्धेत सगळ्यात जास्त विकेट्स घेतल्या त्याने. बोलर म्हणून त्याची आणि उथप्पाची तुलना करणंसुद्धा पाप आहे. पण त्या एका बॉलपुरता उथप्पा सरस ठरला. नशीब? असेल थोडं, तीन बॉलचा तर मामला. तरीही एका टीमकडे ठरलेली माणसं होती, ठरलेली जागा होती, आणि हे आपण याआधी करून पाहिलंय ही भावना होती. दुसऱ्या टीमकडे टॅलेंट होतं. दहा दिवसांनी जोहान्सबर्गला याच दोन टीम्स फायनलला भिडल्या आणि भारत ५ रन्सनी जिंकला, हे काही मी तुम्हाला सांगायला नको.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'चक दे! इंडिया' आला होता. तेव्हापासून कितीतरी बॉस लोकांना मीटिंगच्या आधी शाहरुखसारखं भाषण ठोकायची हौस फुटली. भाषण सगळ्यांना आठवतं. त्याच सिनेमात त्याआधी त्या पोरींना किती पळवलंय, ते कोणाला आठवत नाही! भाषणाने अंगावर काटा येतो हे मान्य. पण बॉल कोणी टाकायचा हे भाषण सांगत नाही.

क्रिकेटमध्ये हरलो तर फार तर टीव्ही फुटतो. आता जिथे जीव जातो, तिथलं बघा.

लंडनचं ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटल. लहान मुलांचं, जगभर नावाजलेलं. तान्ह्या बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, ते यशस्वी होतं, आणि मग खरा नाजूक क्षण येतो… बाळाला ऑपरेशन थिएटरमधून आयसीयूत हलवायचं. सगळ्या नळ्या, वायरी, व्हेंटिलेटर, मॉनिटर एका यंत्रणेतून काढून दुसरीला जोडायचे. त्याच वेळी थिएटरच्या टीमने आयसीयूच्या टीमला सांगायचं, काय केलं, काय बिघडलं, काय सांभाळायचं. सगळे हुशार, सगळे अनुभवी, आणि सगळे एकदम बोलतायत! आपल्याकडे लग्नाच्या हॉलवर सामान उतरवताना जसा गलका असतो ना, तसा.

तिथले सर्जन मार्टिन इलियट आणि आयसीयूचे डॉक्टर ॲलन गोल्डमन एकदा ऑपरेशननंतर दमून टीव्हीसमोर बसले होते. फॉर्म्युला वनची रेस चालू होती. गाडी पिटमध्ये शिरते, वीसेक माणसं तिच्यावर तुटून पडतात, टायर बदलतात आणि काही सेकंदांत गाडी गायब. एकही माणूस दुसऱ्याला आडवा जात नाही. दोघांच्या डोक्यात एकाच वेळी ट्यूब पेटली. पुढे त्यांनी चक्क फेरारीच्या लोकांना गाठलं आणि आपल्या हॉस्पिटलातल्या त्या धावपळीचं शूटिंग दाखवलं. रेसवाल्यांना त्यातला गोंधळ लगेच दिसला. इथे म्होरक्या कोण?

पिटमध्ये हा प्रश्नच येत नाही. एका चाकाला तीन माणसं. एक नट सोडवणार आणि आवळणार, एक जुनं चाक काढणार, एक नवीन बसवणार. चाक बसवणारा कधी नटाला हात लावणार नाही. त्या काळी समोर काठीवर पाटी घेतलेला 'लॉलीपॉप मॅन' असायचा, तो सांगेल तेव्हाच गाडी सुटणार. (आता त्याच्या जागी दिवे आलेत. २०२३ मध्ये कतारला मॅक्लारेनच्या टीमने चारही चाकं १.८० सेकंदात बदलली. तुम्ही हे वाक्य वाचायला त्याहून जास्त वेळ लावलात!)

हॉस्पिटलने काय केलं? नवीन मशीन नाही, नवीन डॉक्टर नाहीत. हलवाहलवीच्या वेळी भूल देणारा डॉक्टर प्रमुख, हे ठरलं. आधी यंत्रं जोडायची, तोवर गप्पा बंद. मग माहिती द्यायची, ती ठरलेल्या क्रमाने, एका वेळी एकानेच बोलून. कोण कुठे उभं राहणार तेसुद्धा ठरलं. २००७ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका हलवाहलवीतल्या तांत्रिक चुका सरासरी ५.४२ वरून ३.१५ वर आल्या, सांगायची राहून जाणारी माहिती जवळपास निम्मी झाली, आणि वेळही वाढला नाही. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट कुठली सांगू? एवढ्या मोठमोठ्या डॉक्टरांनी 'तू इथे उभा राहा, तू तिथे' असली ड्रिल करायला लाज वाटून घेतली नाही.

इथे कोणी तरी हात वर करणारच. 'पण आमच्या टीमचं बाँडिंग लय भारी आहे!' असू दे की. लोणावळ्याच्या रिसॉर्टवर डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, हा खेळ मजेचा आहे, जेवणही छान असतं. पण १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांचा थवा आदळून ज्या विमानाची दोन्ही इंजिनं बंद पडली, त्याचे कॅप्टन सलनबर्गर आणि को-पायलट स्काइल्स हे काही जिगरी दोस्त नव्हते. त्याच आठवड्यात पहिल्यांदा एकत्र उडत होते. उड्डाणाच्या वेळी विमान स्काइल्सच्या हातात होतं. 'माझं विमान,' कॅप्टन म्हणाला. 'तुमचं विमान,' स्काइल्स म्हणाला आणि इंजिन परत चालू करायची चेकलिस्ट काढून कामाला लागला. ना चर्चा, ना इगो. पक्षी आदळल्यापासून हडसन नदीत उतरेपर्यंत साधारण २०८ सेकंद. १५५ माणसं होती, १५५ वाचली. ही चार शब्दांची देवाणघेवाण वैमानिक रोज करतात, काहीही बिघडलेलं नसताना. म्हणून बिघडल्यावर ती तोंडात आली.

आता तुमचं प्रेझेंटेशन. जीव जाणार नाही हे खरं, पण वर्षाचं अप्रेझल आणि अख्ख्या टीमची झोप जाऊ शकते. स्लाइड्स शनिवारी दुपारी गोठवा. रविवारी तासभर उभं राहून करा, खरोखर उभं राहून. एकाला क्लायंट बनवा आणि त्याला सांगा, तोंडावर पाड आम्हाला. पैशाच्या प्रश्नाला एकच माणूस उत्तर देणार, बॉस असला तरी बाकीच्यांनी मध्ये पडायचं नाही. 'बघून सांगतो' हे वाक्य कोण म्हणणार तेही ठरवा, कारण ते कोणीच ठरवत नाही आणि मग पाच जण पाच आकडे ठोकून देतात. लॅपटॉप बंद पडला असं समजून तीन मिनिटं नुसतं बोलून बघा. आणि सगळ्यात ज्युनिअर मुलीला विचारा की कुठे फसतंय. ती बघत असते, तिला कोणी विचारत नाही एवढंच.

हसू येईल. येऊ द्या. डर्बनच्या नेट्समध्येही आलंच असणार.

आणि हे शिकायला लंडनलाच जायला हवं असं नाही. गुरुपौर्णिमेच्या सुमाराला लालबाग, जोगेश्वरी किंवा ठाण्याच्या एखाद्या मैदानावर रात्री दहानंतर चक्कर मारा. गोविंदा पथकांचा सराव चालू असतो. दिवसभर नोकरी करून आलेली पोरं. खालच्या थराला कोण, कोणाच्या खांद्यावर कोण, सगळं ठरलेलं. गोकुळाष्टमीला टीव्हीवर आपण फक्त हंडी फुटताना बघतो आणि चॅनेल बदलतो. सरावात वरती मुळी हंडीच नसते. थर चढतात, सगळ्यात वरचा हात उंच करून सलामी देतो. आणि मग पथक तितक्याच मन लावून दुसऱ्या अर्ध्या कामाला लागतं… एकेक थर अलगद खाली उतरवायचा.