इंजेक्टर बिघडला की...

लष्कराचे शक्तिमान ट्रक अनेक वर्षे जबलपूरला बनत. जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्याने हे काम १९५९ साली गन कॅरेज फॅक्टरीत सुरू झाले आणि पुढे १९६९ मध्ये उभ्या राहिलेल्या व्हेईकल फॅक्टरीकडे गेले. तशा जुन्या डिझेल इंजिनांवर हात बसलेल्या मिस्त्रीला इंजेक्टर तपासायला यंत्र लागत नसे. इंजिन चालू ठेवून तो एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल करी. इंजिनाचा आवाज बदलला, तर ते सिलिंडर ठीक. बदललाच नाही, तर दोष तिथेच! बिनखर्चाची, अचूक युक्ती.

आजच्या डिझेल मोटारीत हीच युक्ती अंगाशी येते. जुन्या इंजिनात इंजेक्टर साधारण २०० बार दाबाने इंधनाचा फवारा मारी. आजच्या कॉमन रेल इंजिनात हा दाब १,६०० बारपर्यंत, कधी त्याहूनही वर जातो. मोटारीच्या टायरमध्ये जेमतेम दोन-अडीच बार हवा असते, यावरून अंदाज यावा. सैल नटातून उडालेली धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. माणूस हळद लावून कामाला लागतो आणि आत पसरलेल्या डिझेलमुळे बोट गमावण्याची पाळी येते. अशा वेळी तडक रुग्णालय गाठावे आणि डिझेल दाबाने आत शिरले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

मुळात गाडी आधीच सूचना देत असते. सकाळी ती लवकर सुरू होत नाही, उभी असताना थरथरते, ॲव्हरेज घसरते. नागपूरहून जबलपूरला जाताना कुरईच्या घाटात दम टाकते, मागे काळा धूर सोडते. इंजेक्टर गळत असेल तर जादा इंधन सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते आणि खाली ऑइलमध्ये मिसळते. मग डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसते आणि मालक उगाच खूश होतो! पेट्रोल गाडीत न जळलेले इंधन धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तोही निकामी करते.

मात्र यातली बरीचशी लक्षणे तुंबलेल्या एअर फिल्टरने, डिझेलमध्ये पाणी शिरल्याने किंवा पेट्रोल गाडीत खराब स्पार्क प्लगनेही दिसतात. म्हणून स्वस्त गोष्टी आधी पाहाव्यात. चारही इंजेक्टर सरसकट बदला म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे पुरावा मागायला संकोच नको. कॉमन रेल गाडीत तो देता येतो. प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारे डिझेल चार छोट्या बाटल्यांत जमा करतात. बाकीच्यांपेक्षा जी भराभर भरते, तिच्या इंजेक्टरवर संशय घ्यावा. खर्चाला होकार देण्यापूर्वी या चार बाटल्या मालकाने स्वतः पाहाव्यात.