शिकवलेली टेहळणी वाया का घालवायची?

नगर तालुक्यातल्या भातवडीत १६२४ साली मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेला धूळ चारली. तलावाचे पाणी सोडून त्याने शत्रूच्या वाटेवर चिखल केला आणि रुतलेल्या तळावर रात्री छापे घातले. शहाजीराजे त्या लढाईत निजामशाहीकडून लढले. त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. शत्रूचा तळ कुठे आहे, रसद कोणत्या वाटेने येते, हे आधी कळल्याशिवाय असा डाव कोणी टाकत नाही. ही खबर आणण्यात दख्खनचे हलके स्वार पटाईत होते. यातले कित्येकजण बारमाही शिपाई नव्हतेच. पावसाळ्यात शेत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की मोहीम, असे त्यांचे वर्ष होते.

त्याच मुलखात आज लष्कराची दोन मोठी प्रशिक्षण केंद्रे आहेत. रणगाडा दलाचे केंद्र आणि शाळा १९४८पासून नगरला आहे. १९७९ साली उभ्या राहिलेल्या मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटचे केंद्रही इथलेच, आणि या रेजिमेंटमध्ये टेहळणी हेच मुख्य काम असलेल्या ‘रिकी अँड सपोर्ट’ बटालियनही आहेत. के. के. रेंजवर रणगाड्यांचे बार सुरू झाले की राहुरी-पारनेरच्या गावांत कोणी दचकतही नाही. अग्निवीरांचे प्रशिक्षणही या केंद्रांत होते. २०२२च्या अखेरीस दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६च्या अखेरीस पूर्ण होतात. त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार, बाकीचे घरी. विशी-पंचविशीतला, नकाशा वाचणारा, रात्री दुर्बिणीतून पाहून नेमके काय दिसले तेवढेच वायरलेसवर सांगणारा पोरगा गावी परत येणार. त्याचे काय करायचे, यावरची चर्चा मात्र निमलष्करी दलातल्या राखीव जागांपलीकडे फारशी जात नाही. सुरक्षारक्षकाची नोकरी वाईट नाही. पण त्यासाठी टेहळणी शिकवायची गरज नव्हती.

अर्धवेळ शिपायाची व्यवस्था देशात आहे. प्रादेशिक सेना १९४८च्या कायद्याने उभी राहिली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी सी. राजगोपालाचारींनी तिचे उद्घाटन केले. कपिल देव, धोनी यांच्या मानद हुद्द्यांमुळे तिचे नाव अधूनमधून पेपरात येते. तिचे मूळ तत्त्व वेगळेच आहे: आपला पोटापाण्याचा उद्योग सांभाळायचा, वर्षातून साधारण दोन महिने प्रशिक्षण घ्यायचे आणि बोलावणे आले की गणवेश चढवायचा. पुण्याची १०१ आणि कोल्हापूरची १०९ या मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या बटालियन महाराष्ट्राला परिचित आहेत. प्रत्यक्षात मात्र प्रादेशिक सेनेच्या बटालियन वर्षानुवर्षे सीमेवर आणि अशांत भागात तैनात राहतात. मे २०२५ मध्ये तर ३२ पायदळ बटालियनपैकी १४ बोलावण्यास केंद्राने मंजुरी दिली. नाव अर्धवेळ आणि चाकरी पूर्णवेळ, असा हा प्रकार झाला आहे.

अशा सैनिकाचे मोल कुठे सर्वांत जास्त, हे काश्मीरने दाखवले. तिथे स्थानिक तरुणांच्या ‘होम अँड हार्थ’ बटालियन प्रादेशिक सेनेतच उभारल्या गेल्या. त्यांपैकी १६२व्या बटालियनचे लान्स नायक नझीर अहमद वानी एकेकाळी दहशतवाद्यांच्या बाजूला होते, २००४ साली सेनेत आले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये शोपियानच्या चकमकीत शहीद झाले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. वाटा, बोली, घरे, माणसे ओळखणारा शिपाई जे पाहतो, ते बाहेरच्या पलटणीला महिनोन्‌महिने दिसत नाही.

यावर आक्षेप उघड आहे. नगरच्या पोराला राजस्थानच्या वाळवंटाची काय माहिती? बरोबर आहे. त्याच्याकडे तिथला भूगोल नाही, हुन्नर आहे, आणि हुन्नर वापरला नाही तर गंजतो. ब्रिटनने यावर तोड काढली आहे. तिथल्या ‘रॉयल येओमनरी’ या हलक्या टेहळणी रेजिमेंटमध्ये नोकरी-धंदा करणारी माणसे आहेत. वर्षाला साधारण २७ दिवस सराव, त्यात शनिवार-रविवार आणि एक सलग शिबिर. या परंपरेची सुरुवात १७९४च्या सुमारास घोडे बाळगणाऱ्या शेतकऱ्यांपासून झाली. आपल्या शिलेदारांना ही रीत नवी वाटली नसती.

परतणाऱ्या अग्निवीरांतून अशीच टेहळणीची राखीव पथके बांधता येतील. सरावाला केंद्र, मैदान, शिकवणारे उस्ताद नगरमध्ये आहेतच. ड्रोन आल्यापासून या कामात डोक्याचा वाटा आणखी वाढला आहे. गोदावरी-प्रवरेला पूर आला तर कोणता पूल खचला, कोणत्या वस्तीचा रस्ता तुटला, हे सांगायला जिल्हा प्रशासनालाही हीच माणसे लागतील. अडचण येईल ती मालकांची. प्रादेशिक सेनेत बोलावलेल्या माणसाला नोकरीवर परत घेण्याचे बंधन कायद्यात आहे. पण साखर कारखाना, पतसंस्था किंवा एमआयडीसीतला छोटा कारखानदार दरवर्षी महिनाभर कामगार मोकळा सोडेल तो काही भरपाई मिळाली तरच. ती केंद्राने द्यावी, कारण शिपाई केंद्राचा आहे.

कायदा आहे, केंद्र आहे, माणसे येऊ घातली आहेत. जिल्ह्याच्या दोन्ही खासदारांनी येत्या अधिवेशनात संरक्षण मंत्र्यांना एवढेच विचारावे: परतणाऱ्या अग्निवीरांसाठी प्रादेशिक सेनेत किती जागा आणि कोणत्या तारखेपासून?