शेंगदाण्याचे पाकीट आणि बंद पडलेली केंद्रे

ईशान्य नायजेरियातील बोर्नो आणि योबे या दोन राज्यांत जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मदतीने चालणारी दीडशेच्या आसपास पोषण केंद्रे 2025 च्या जुलैअखेर बंद करावी लागली. कारण साधे होते, पैसे संपले. दोन वर्षांखालील तीन लाखांहून अधिक मुलांचे उपचार या केंद्रांवर अवलंबून होते. त्याच सुमारास, त्याच देशाच्या वायव्येकडील कात्सिना राज्यातून ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने कळवले, की वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत तिच्या केंद्रांमध्ये 652 मुले दगावली. उपचारापर्यंत ती वेळेत पोहोचू शकली नव्हती.

आफ्रिकेतील भूक म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेले छायाचित्र येते: फासळ्या दिसणारे मूल आणि धान्याची पोती उतरवणारा ट्रक. त्यामुळे मदत आटली म्हणजे पोती कमी झाली, एवढाच अर्थ आपण लावतो. प्रत्यक्षात बंद पडले आहेत ते दवाखाने, आणि त्यांच्यासोबत थांबला आहे गेल्या पंचवीस वर्षांत बालरोगशास्त्राने पारखून घेतलेला एक उपचार. हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे.

कुपोषित मूल शक्यतो थेट भुकेने मरत नाही. ते न्यूमोनियाने, जुलाबाने, मलेरियाने किंवा गोवराने मरते. दाखल्यावर कुपोषणाचे नाव बहुतेक वेळा येतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार जगातील पाच वर्षांखालील बालमृत्यूंपैकी जवळपास निम्म्या मृत्यूंमागे कुपोषणाचा हात असतो. पुरेसा आहार मिळाला नाही, की शरीर काटकसर सुरू करते. स्नायू झिजतात, हृदयाचे आकुंचन क्षीण होते, यकृत साखर साठवू शकत नाही, आतड्याचे अस्तर पातळ होते, रोगप्रतिकारशक्ती मंदावते. अशा मुलाला गंभीर संसर्ग झाला तरी अनेकदा तापही येत नाही, कारण ताप आणायलाही ऊर्जा लागते. रात्री अंगावर पांघरूण नसले आणि चार-सहा तास पोटात काही गेले नाही, तर रक्तातील साखर आणि शरीराचे तापमान दोन्ही घसरून ते पहाटेपर्यंत दगावू शकते.

या आजाराची दोन रूपे. एक सुकटी, म्हणजे मूल वाळत जाते. दुसरे सुजवटी. त्यात पाय, चेहरा सुजतो, कातडी सोलवटते, केस विरळ आणि तांबूस होतात, आणि सुजेमुळे वजन फारसे कमी दिसत नाही. सुजवटीचे इंग्रजी पुस्तकांतले नाव ‘क्वाशिओरकोर’. ते आले पश्चिम आफ्रिकेतून. आजच्या घानामध्ये काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी 1933 मध्ये या आजाराचे वर्णन केले आणि दोन वर्षांनी ‘लॅन्सेट’मधील लेखात तिथल्या गा भाषेतील हा शब्द वापरला. त्याचा आशय असा, की पाठचे भावंड आल्यावर आधीच्या मुलाला होणारा आजार. आईचे दूध तुटते आणि त्याच्या जागी मक्याची पातळ पेज येते. रोगाचे कारण त्या बोलीतल्या आयांनी नावातच सांगून ठेवले होते. वैद्यकशास्त्राला ते पटायला वेळ लागला, आणि नेमकी सूज का येते याचा पूर्ण उलगडा तर अजून व्हायचा आहे. मलावीतील 317 जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या जुळ्यांपैकी एकाला सूज येते आणि दुसऱ्याला येत नाही, असे अनेक जोड्यांत आढळले. आतड्यातील जिवाणूंच्या घडणीत तफावत होती. नुसते ‘प्रथिने कमी पडली’ हे जुने उत्तर पुरत नाही, हे त्यातून दिसले.

असे मूल दवाखान्यात आले, की नातेवाइकांची, आणि नवख्या डॉक्टरांचीही, पहिली इच्छा असते ती सलाइन लावण्याची आणि भरपूर खाऊ घालण्याची. दोन्ही घातक ठरू शकतात. क्षीण हृदयाला शिरेतून गेलेले जास्तीचे पाणी पेलत नाही. अचानक भरपेट अन्न मिळाले, की रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत शिरतात आणि हृदय बंद पडू शकते. म्हणून आधी ‘एफ-75’ नावाचे, 100 मिलिलिटरमध्ये 75 कॅलरी असलेले सौम्य दूध थोडे थोडे, रात्रीसुद्धा, पाजायचे. लोहाचे औषध सुरुवातीला द्यायचेच नाही. हे सारे माहीत असूनही रुग्णालयांतील मृत्यूचे प्रमाण 1950 पासून 1990 च्या दशकापर्यंत 20 ते 30 टक्क्यांच्या आसपासच अडकले होते. शिवाय खाट मिळायची ती मोजक्याच मुलांना. आईने महिनाभर रुग्णालयात राहायचे, तर घरी उरलेल्या चार मुलांचे आणि पेरणीचे काय? बहुतेक आया चार दिवसांत मूल उचलून घरी न्यायच्या. वॉर्डात शेजारी गोवराचे मूल असायचे, ते वेगळेच.

1996 मध्ये फ्रेंच बालपोषणतज्ज्ञ आंद्रे ब्रियाँ आणि ‘न्यूट्रिसेट’ कंपनीचे मिशेल लेस्कान यांनी एक पाकीट तयार केले. शेंगदाण्याचा लगदा, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वे आणि खनिजे; 92 ग्रॅममध्ये सुमारे 500 कॅलरी. यात पाणी नाही, ही त्यातली खरी खुबी. दुधाची पावडर गढूळ पाण्यात कालवली की काही तासांत जंतूंचे आगर होते. तेलकट लगद्यात जंतू वाढत नाहीत. शिजवायला नको, फ्रिज नको, कोपरा फाडून मूल स्वतः चोखते. त्यामुळे उपचार रुग्णालयातून घरी नेता आला. मूल भूक दाखवते का, हे केंद्रावर पाकीट देऊन पाहायचे. खाल्ले आणि इतर गुंतागुंत नसली, तर आठवड्याची पाकिटे देऊन घरी पाठवायचे. पूर्ण उपचार साधारण सहा ते आठ आठवड्यांचा, म्हणजे ढोबळमानाने दीडशे पाकिटांचे एक खोके. रुग्णालयात फक्त गंभीर मुले उरतात.

इथिओपिया आणि मलावीत 2000 नंतर ही पद्धत आजमावली गेली. 2005 च्या नायजरमधील अन्नटंचाईत ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने साठ हजारांहून अधिक तीव्र कुपोषित मुलांवर उपचार केले, त्यातली बहुतेक घरीच बरी झाली. एवढ्या मुलांसाठी खाटा उभारणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने या पद्धतीवर शिक्कामोर्तब केले.

निदानाचे साधन तर याहून स्वस्त आहे. दंडाचा घेर मोजणारी रंगीत पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड 115 मिलिमीटरपेक्षा कमी भरला, तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण; 115 ते 125 पिवळा. आपल्या अंगणवाडी सेविकाही अशीच ‘सॅम’ आणि ‘मॅम’ मुले शोधतात. नायजरमध्ये पुढे ही पट्टी थेट आयांच्या हातात देऊन पाहिली गेली. आयांनी घेतलेली मापे आरोग्य सेविकांच्या तोडीची निघाली, आणि मुले लवकर, म्हणजे गुंतागुंत होण्याआधी केंद्रावर येऊ लागली.

पाकिटाबाबतचे सारे प्रश्न सुटलेले नाहीत. मलावीतील एका चाचणीत (2013) पाकिटासोबत अॅमॉक्सिसिलिन दिलेल्या मुलांमध्ये मृत्यू 4.8 टक्के, तर न दिलेल्यांत 7.4 टक्के आढळले. नायजरमध्ये तीन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र मुले बरी होण्याच्या प्रमाणात तसा फायदा दिसला नाही. मलावीत एचआयव्हीचे प्रमाण जास्त, नायजरमध्ये कमी. एका देशाचा निष्कर्ष सगळ्या आफ्रिकेला लावू नये, याचे हे चांगले उदाहरण. आणि बरे झालेले मूल पुन्हा त्याच घरात, त्याच पेजेकडे जाते. काही महिन्यांत त्यातली काही परत लाल पट्टीत येतात. भारतात या पाकिटावर टीका झाली ती याच मुद्द्यावर, की घरच्या ताज्या अन्नाची जागा कारखान्याने का घ्यावी? आपल्याकडे अंगणवाड्यांचे जाळे आणि रेशन दुकाने असताना हा वाद रास्त आहे. बोर्नोतील विस्थापितांच्या छावणीत, जिथे ना चूल ना शेत, तो गैरलागू ठरतो.

पोट भरणे आणि पोषण होणे यांतील अंतर किती असते, याचा कठोर धडा मलावीनेच दिला होता. 1980 च्या दशकात मोझांबिकमधील यादवीमुळे लाखो निर्वासित मलावीत आले. त्यांना शिधा मिळत होता, मुख्यतः मका, सोबत शेंगदाणे. पुढे शेंगदाण्यांचा पुरवठा तुटला. 1990 मध्ये या छावण्यांत 18 हजारांहून अधिक लोकांना ‘पेलाग्रा’ झाला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब, पुढे भ्रम. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व अशा रूपात असते, की ते शरीराला मिळत नाही. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून ते मोकळे करतात. मका आफ्रिकेत गेला, ती रीत गेली नाही. छावण्यांत ती कसर मूठभर शेंगदाणे भरून काढत होते. मदत करणाऱ्यांच्या तक्त्यात कॅलरींचा रकाना होता, नायसिनचा नव्हता. हाच आजार दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत आढळत असे, आणि हैदराबादेत डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर 1960 च्या सुमारास मोलाचे संशोधन केले होते.

म्हणून पाकिटाच्या आधीची कामे जास्त महत्त्वाची. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान, त्यानंतर मक्याच्या किंवा बाजरीच्या पेजेत डाळ, शेंगदाणा, सुकी मासळी. मोझांबिक आणि युगांडात रुजलेले अ-जीवनसत्त्वयुक्त केशरी रताळे. मच्छरदाणी, गोवराची लस, स्वच्छ पाणी. यातले एकही काम नवे नाही. पण पाण्याची विहीर किंवा गोवराची लस ही कुपोषणाच्या खर्चात कोणी धरत नाही, आणि कपात करताना हे सारे सुटे सुटे कापले जाते.

आता पैशांकडे. जगातील मानवतावादी मदतीत अमेरिकेचा वाटा सर्वांत मोठा होता. 20 जानेवारी 2025 रोजी तिने परदेशी मदत 90 दिवसांसाठी गोठवली आणि 1 जुलैपासून ‘यूएसएड’ ही संस्थाच गुंडाळली. ब्रिटनने राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्के असलेली मदत 2027 पर्यंत 0.3 टक्क्यांवर आणण्याचे फेब्रुवारीत जाहीर केले. जीवरक्षक कामांना सूट आहे, असे वॉशिंग्टनमधून सांगितले जात होते. पण पाकिटे तयार करणाऱ्या अमेरिकेतील कारखान्यांना कंत्राट रद्द झाल्याची पत्रे गेली, मग ती मागे घेतली गेली. गोदामात माल आणि वाहतुकीला पैसा नाही, अशीही अवस्था आली. लहान मुलाच्या दृष्टीने दोन महिन्यांचा हा घोळ म्हणजे पूर्ण उपचाराचा काळ.

दोष एकट्या देणगीदारांचा नाही. आफ्रिकी देशांनी 2001 मध्ये अबुजा येथे अर्थसंकल्पाच्या 15 टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करण्याचे वचन दिले होते. बहुतेकांनी ते पाळलेले नाही. आफ्रिकन युनियनने 2022 हे पोषणवर्ष म्हणून साजरे केले, तेव्हाही कुपोषित मुलांच्या उपचारांचा मोठा खर्च बाहेरूनच येत होता. नायजर, इथिओपिया, केनिया, मलावी येथे ही पाकिटे बनवणारे कारखाने उभे राहिले, ही त्यातल्या त्यात आशेची बाब. पण दुधाची पावडर बहुधा आयात करावी लागते, आणि तीच सर्वांत महाग. स्थानिक शेंगदाण्यात बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष निघते, म्हणून तपासणीची प्रयोगशाळा लागते. हे प्रश्न सुटण्यासारखे आहेत, मात्र त्यांना खात्रीचा ग्राहक हवा. युनिसेफ हा सर्वांत मोठा ग्राहक; भारतातील काही कारखानेही त्याला ही पाकिटे पुरवतात. त्याची तिजोरी रिकामी झाली, तर नियामेचा कारखाना आधी बंद पडेल.

दुष्काळ अधिकृतपणे जाहीर होण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. त्या घोषणेसाठी दर दहा हजार लोकांमागे रोज दोन मृत्यू, मुलांमध्ये 30 टक्के तीव्र कुपोषण असे निकष आहेत. ते पूर्ण होतात तोवर बरेच काही घडून गेलेले असते. सोमालियात 2010 ते 2012 या काळात सुमारे 2 लाख 58 हजार माणसे दगावली, त्यातली निम्मी पाच वर्षांखालची. आणि त्यातील मोठा हिस्सा जुलै 2011 ची घोषणा होण्यापूर्वीचा होता. सुदानमधील झमझम छावणीत दुष्काळ असल्याचे ऑगस्ट 2024 मध्ये मान्य झाले, तेव्हाही युद्ध सुरू होऊन सव्वा वर्ष उलटले होते.

सहाराच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हा तंगीचा काळ. जुने धान्य संपलेले, नवे हाती यायचे असते. त्याच महिन्यांत पाऊस, मलेरिया आणि जुलाब येतात, आणि चिखलाने रस्ते बंद होतात. त्या मोसमातील मुलांसाठीची खोकी उन्हाळ्यातच गावागावांतल्या केंद्रांवर पोहोचलेली असावी लागतात. म्हणजे त्यांची ऑर्डर आणि पैसा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरायला हवा.