विश्लेषण : लाखो प्रथिनांचा डेटा फुकट, मग सर्व्हर ‘ब्लॉक’ का करतो?

नव्या औषधाचा शोध असो वा पिकावरील रोगाचा अभ्यास, संशोधनाची सुरुवात आता अनेकदा ऑनलाइन डेटाबेसमधून होते. तेथे कोट्यवधी प्रथिनांचे क्रम विनामूल्य मिळतात. मात्र हजारो क्रम एकदम उतरवून घेताना एका विद्यार्थ्याची घाई संपूर्ण महाविद्यालयाला महागात पडू शकते. ती कशी?

प्रथिनाचा क्रम म्हणजे काय?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. प्रामुख्याने २० अमिनो आम्ले असतात आणि प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर दिलेले आहे. त्यामुळे मानवी इन्सुलिन अवघ्या ५१ अक्षरांत लिहिता येते. अमेरिकी शास्त्रज्ञ मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ मध्ये असे क्रम पुस्तकरूपात छापले, तेव्हा त्यात फक्त ६५ प्रथिने होती.

हा डेटा कुठे असतो?

दोन ठिकाणे प्रमुख आहेत. एक, अमेरिकेतील नॅशनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजी इन्फर्मेशन (एनसीबीआय). दुसरे, युरोप व अमेरिकेतील संस्थांचा संयुक्त ‘युनिप्रॉट’. युनिप्रॉटचे दोन भाग आहेत. ‘स्विस-प्रॉट’मधील सुमारे पावणेसहा लाख नोंदी तज्ज्ञांनी तपासलेल्या आहेत. ‘ट्रेंबल’मधील कोट्यवधी नोंदींचे वर्णन संगणकाने केलेले आहे.

सर्व्हर का अडवतो?

दोन-चार क्रम संकेतस्थळावरून घेता येतात. दहा हजार हवे असतील तर प्रोग्राम लिहावा लागतो. नवखा विद्यार्थी बहुधा प्रत्येक क्रमासाठी वेगळी मागणी पाठवतो आणि तीही न थांबता. एनसीबीआयची मर्यादा सेकंदाला ३ मागण्यांची आहे. मोफत खाते उघडून ‘एपीआय की’ घेतली, तर ती १० होते. मर्यादा वारंवार ओलांडल्यास आयपी पत्ता रोखला जाऊ शकतो. अनेक महाविद्यालयांत सर्व संगणक एकाच आयपी पत्त्यावरून इंटरनेटला जोडलेले असतात. त्यामुळे चूक एकाची आणि काम सगळ्यांचे थांबते.

मग योग्य मार्ग कोणता?

एकेक क्रम मागण्याऐवजी गठ्ठ्याने मागावेत. एनसीबीआयकडून एका मागणीत दहा हजारांपर्यंत नोंदी घेता येतात. युनिप्रॉटच्या ‘आयडी मॅपिंग’ सुविधेत एका वेळी एक लाख क्रमांक देता येतात. संपूर्ण संग्रहच हवा असेल तर तयार फाइल डाउनलोड करणे उत्तम.

मोठी कामे शनिवार-रविवारी किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील रात्री ९ ते पहाटे ५ या वेळेत करावीत, असे एनसीबीआय सांगते. तेथील उन्हाळ्यात ही वेळ भारतात सकाळी साडेसहा ते दुपारी अडीच असते, हिवाळ्यात एक तास पुढे. म्हणजे भारतीय विद्यार्थ्यांना त्यासाठी जागरण करण्याची गरज नाही.

फाइल मिळाली म्हणजे काम झाले?

नाही. मध्येच कनेक्शन तुटले तर फाइल अर्धवट राहते आणि ते लक्षातही येत नाही. म्हणून मागितलेल्या व मिळालेल्या क्रमांची संख्या ताडून पाहावी. युनिप्रॉट ठरावीक काळाने अद्ययावत होते, जुन्या नोंदी वगळल्याही जातात. आवृत्ती व तारीख लिहून ठेवली नाही, तर तोच निष्कर्ष पुन्हा पडताळणे अवघड होते. न तपासलेल्या नोंदीतील चुकीचे नाव पुढे शेकडो नोंदींत उतरू शकते.

भारतात काय स्थिती?

नोव्हेंबर २०२२ मध्ये फरिदाबाद येथे सुमारे चार पेटाबाइट क्षमतेचे भारतीय जैविक डेटा केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी ‘अल्फाफोल्ड’ने २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचनांचे अंदाज खुले केले. त्यासाठीचे क्रम युनिप्रॉटमधलेच होते. या कामाच्या शिल्पकारांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. खुला डेटा किती मोलाचा असतो, हे त्यातून दिसते. तो सर्वांसाठी खुला राहायचा, तर वापरणाऱ्यांनीही शिस्त पाळायला हवी.