सहाव्या वर्षाची दाढ

आमच्या तिगावात बैल विकत घ्यायचा झाला की आबाजी आधी त्याचा जबडा उघडून बघायचे. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. वय लगेच सांगायचे. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, हेही मला त्यांनीच दाखवलं. नातवाच्या तोंडात मात्र घरात कुणी तसं डोकावलं नाही.

मी तिसरी-चौथीत असताना खालची एक दाढ दुखायला लागली. आजी म्हणाली, "दुधाचीच आहे, पडन अन् दुसरी येईन." लवंग दाबून दिवस काढले. शेवटी दाढ उपटावी लागली. दुसरी आलीच नाही. ती दुधाची नव्हतीच!

दुधाचे दात एकूण 20. आठ पटाशीचे, चार सुळे, आठ दाढा. आईच्या पोटात दीड महिन्यापासूनच ते घडू लागतात, पहिला साधारण सहाव्या महिन्यात दिसतो आणि तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. कायमचे दात 32. दुधाच्या दाढा पडल्या की त्यांच्या जागी उपदाढा येतात, त्या आठ. खऱ्या मोठ्या दाढा 12, आणि त्या कुणाच्याच जागी येत नाहीत. जबडा वाढतो तशा मागे नव्या जागेत उगवतात. त्यातली पहिली सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. दात पडलेला नसतो, रक्त नाही, कौलावर फेकायला काही नाही. मग घरात कळणार कसं? शिवाय तिच्या खाचांत अन्न अडकतं, आणि पोराला अजून नीट घासताही येत नसतं. एकदा किडून गेली की शेजारची दाढ त्या जागेत झुकते. माझी झुकली आहे. (अक्कलदाढ मला एकच आली. घरच्यांनी त्यावर बोलून झालंय.)

मागच्या आठवड्यात पुण्याहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. पुढचा पहिला दात पडला होता. "मामा, आमच्याकडे कौलं नाहीत, कुठे टाकू?"

म्हटलं, "कुंडीतल्या तुळशीपाशी पुर. पण आधी टॉर्च आण. खालचा जबडा, अगदी मधल्या फटीपासून मागे मोजत जा."

"एक, दोन..." पहिली जागा रिकामी, तीही तिने मोजली. "पाच. मामा, सहावा आहे! अर्धाच दिसतो, वर हिरडी आहे अजून."

"आईला दे फोन."